सेटवाल्या भाऊंचा बंगला

भाऊंनी मागे मागे जात कापलेल्या धानाच्या बांधीत उभं राहायचं, डावा डोळा मिटायचा, उजवा अंगठा नाकासमोर धरायचा आणि ओरडायचं, "उजवीकडून चिमूटभर वर!" आम्ही भिंत चिमूटभर वर उचलायचो. चिमूट म्हणजे किती, हे कुणीच विचारलं नाही. मग भाऊ अंगठा खाली घेत आणि समाधानानं म्हणत, "सेट!"

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. मी एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो आणि भाऊ नेपथ्य सांभाळत. रंगवलेल्या कापडाच्या भिंती मेटाडोरमध्ये घालून आम्ही गावोगाव फिरायचो. भाऊंना इंग्रजी शब्द एकच येत होता आणि तो त्यांना पुरत होता. रंगमंचावरचा बंगला म्हणजे सेट. खलनायकाची कवळी म्हणजे दातांचा सेट. साखर मनासारखी पडली की चहा सेट. एकदा हीरोइनचं पोट बिघडलं, तेव्हा भाऊंनी तिला ओवा चावायला लावला आणि दिग्दर्शकाला येऊन सांगितलं, "पोट सेट झालं. बाई उभी राह्यते आता." स्वतःला बरं नसलं तर म्हणायचे, "आज सेट हालून राह्यला गा."

पण या शब्दाचं खरं राज्य सोयरिकीत. नाटक असलं की आमच्याकडे घर न् घर पाहुण्यांनी भरतं आणि त्या गर्दीत मुलंमुली पाहून घेतली जातात. नकार आला तरी कुणाची मान खाली जात नाही, नाटकच पाहायला आलो होतो म्हणायचं. भाऊ खिळे ठोकता ठोकता हे काम करत. "त्या खांबाजवळ उभा हाये तो पोरगा कसा वाटते?" असं मुलीच्या बापाला विचारत आणि दुसऱ्या दिवशी मेटाडोरमध्ये चढताना मला डोळा मारत, "सेट!"

त्यांच्या स्वतःच्या मुलीचं मात्र जुळत नव्हतं. आलेली स्थळं परत गेली. घर कुडाचं, आई नाही, बाप हंगामभर गावाबाहेर, आणि वर नाटकवाला. भाऊ हे हसून सांगत, पण सांगून झाल्यावर बराच वेळ हातोडी नुसतीच हातात धरून बसत.

मग चामोर्शीकडचं एक स्थळ आलं. धानाची शेती, मुलगा शांत, आणि नाटकाच्या गर्दीत पाहिल्यापासून मुलीलाही तो आवडलेला. धानोऱ्याजवळ भाऊंच्या गावात आमचं नाटक होतं, त्याच दुपारी मुलाकडचे येणार होते. सकाळी भाऊंनी आख्खा बंगला मेटाडोरमधून उतरवून घरात नेला. कुडाच्या भिंतीपुढे निळी भिंत उभी राहिली. तिच्यावर रंगवलेली खिडकी आणि खिडकीत फुललेली बाग.

"बाबा, हे काऊन करून राह्यले?" मुलगी वैतागली.

"तुले नाई समजत. पह्यला प्रवेश सेट झाला पायजे."

सारवलेल्या जमिनीत खिळे काही ठरेनात. शेवटी भिंत मागून धरायला एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला मुलगी. प्रॉम्प्टरला आडोशाला उभं राहण्याची सवय असते. पण जिला पाहायला पाहुणे येणार तिनंच भिंत धरून उभं राहायचं, हे भाऊंच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

पाहुणे आले. आम्हाला नुसते आवाज येत होते. चहाच्या कपांचा, भाऊंच्या "बसा, बसा"चा, मुलाच्या वडिलांच्या तोंडात घोळणाऱ्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा. खर्रा तोंडात असला की माणूस फार वेळ बोलू शकत नाही. वडील उठले, चालत खिडकीपाशी आले, आणि माझ्या नाकासमोरचं कापड फटकन ओलं झालं.



"खिडकी बंद हाये का गा?" वडिलांनी विचारलं.

मुलीला हसू आवरेना. ती हसली तशी भिंतही हसल्यासारखी हलली.

"मांगं कोन हाये?"

"पोरगी," भाऊ पुटपुटले.

"तिलेच तं पाहाले आलो! बाहेर बोलवा."

"मी बाहेर आली तं बंगला पडते," मुलगी मागूनच म्हणाली.

आधी तो शांत मुलगा हसला आणि त्याच्यामागून सगळे. त्यानंच पुढे येऊन वडिलांसोबत भिंत उचलून बाजूला ठेवली. मागे कुडाची भिंत होती. मुलीनं आदल्या दिवशी सारवून तिच्यावर पांढरी नक्षी काढली होती. वडिलांनी नक्षीवरून हात फिरवला.

"हे झाकून ठेवलं होतं काऊन?"

सोयरीक तिथंच ठरली आणि आयुष्यात पहिल्यांदाच भाऊ "सेट" म्हणायचं विसरले. नुसतेच धोतराच्या टोकानं डोळे पुसत राहिले.

त्या खिडकीवरचा लाल डाग त्यांनी कधी रंगवला नाही. दिग्दर्शक ओरडायचा, भाऊ म्हणायचे, "राहू दे, बागेत फूल हाये."

मागच्या वर्षी भाऊ गेले. कंपनीनं आता एलईडीचा मोठा पडदा घेतलाय, त्यावर हवा तो बंगला दिसतो. मी परवा त्यांच्या मुलीकडे चामोर्शीला गेलो होतो. ती निळी भिंत तिनं कंपनीकडून मागून आणली होती आणि आता पडवीत लावणं चाललं होतं. सासरे म्हातारे झालेत, पण गालात खर्रा होताच. ते भिंत धरून उभे होते. ती मागे मागे जात थेट अंगणात गेली, डावा डोळा मिटला, अंगठा नाकासमोर धरला.

"मामाजी, उजवीकडून चिमूटभर वर."

म्हाताऱ्यानं भिंत चिमूटभर वर उचलली. चिमूट म्हणजे किती, हे त्यांनीही विचारलं नाही. मला भाऊंची इतकी आठवण आली की मी उठून दुसऱ्या टोकाला जाऊन भिंत धरली.