बाबांना मी ‘जा’ म्हणालो

“पोरगा फौजेत आणि तू शेपूट घालतोस?”

फोन स्पीकरवर होता. पलीकडे जहाजावर माझे बाबा. अलीकडे परदेशात, पासिर रिसच्या कॉन्डो सोसायटीतला हॉल, मराठी मंडळाचं रविवारचं जेवण. सगळी मराठी माणसं हसली. आई हातात ताट धरून खाली बघत राहिली. बोलणारे काका बाबांच्या कंपनीतले मोठे साहेब. बाबा त्यांच्या जहाजावर इंजिनियर, वयाने थोरले. तरी काका त्यांना अरे-तुरे करायचे आणि बाबा त्यांना सर म्हणायचे.

जहाज लढाई चाललेल्या समुद्रातून जाणार होतं. बाबांनी कळवलं होतं, मी आधीच्या बंदरात उतरतो. जहाजावरच्या माणसाला तो हक्क आहे.

काकांनी मला पुढे ओढलं. मला कॅम्पातून थेट वर्दीत बोलावलं होतं आणि नुकतीच शाल घातली होती, आपला जवान म्हणून. “तूच सांग बापाला.”

मला बाबांची लाज वाटली. हो, वाटली! मी म्हणालो, “बाबा, जा ना. सगळे जातात.”

मग बाबा म्हणाले, “बरं बाळा. तू म्हणतोस तर जातो.”

टाळ्या पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जवान कसला डोंबलाचा! इथे प्रत्येक पोराला सक्तीची असते ती लष्करातली नॅशनल सर्व्हिस, तीही स्टोअरमध्ये. पोरं चिखलातून येतात, मी एसीत बसून त्यांची हेल्मेटं परत घेतो. ओरखडा दिसला की वर ओरडतो. मला आजवर कुणी साधा दगड मारलेला नाही. आणि मी बापाला लढाईत पाठवत होतो. चार टाळ्यांसाठी.

शाल काढून खुर्चीवर टाकली. काकांच्या हातातला फोन घेतला.

“बाबा, मी चुकलो. मी गोदामात असतो, मला काय कळतंय लढाईतलं? नाही म्हणा. उतरा तुम्ही.”

काका ओरडले, “उतरला तर पुन्हा जहाज मिळायचं नाही त्याला!”

“त्यांना अहो म्हणा,” मी म्हणालो. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

बाबा उतरले. नोकरी गेली. आता बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये दिवसभर असतात, धड असलेला नळ पुन्हा पुन्हा खोलतात. त्या दिवसाबद्दल मला एक शब्द बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांचं ते ‘बरं बाळा’ माझ्या कानातून जात नाही, आणि जाऊही नये.

दुसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्यांना माझा खांदा पुन्हा मिळणार नाही. मागायला आलात, तर चारचौघांत सांगेन: आधी तुम्ही चढा जहाजावर.