तांडेलबाबांच्या जिवावर सहा घरं

एका आळीत सहा बिऱ्हाडं आणि त्यांना मिळून एकच विहीर असली, की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. घागर भरेपर्यंत एखादा तयार होतो. आमच्या आळीतले तर बहुतेक सगळे एकाच म्हाताऱ्याचे. त्याचं कारण आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई एका खोकल्याचं एवढं काय कौतुक लावून बसलीय!

घरं आमची होती, पण खालची जमीन मिरजोळ्याच्या भाऊसाहेबांची. त्यांच्या वडिलांना विठू तांडेलानं एकदा भर वादळातून आपल्या गलबतानं रत्नागिरी बंदराला सुखरूप आणलं होतं. त्या उपकारापोटी वडिलांनी मांडवीकडचं ते आवार त्याला पट्ट्यानं दिलं, आणि मुदत घातली ती वर्षांची नव्हे, 'विठू तांडेलाच्या हयातीपर्यंत' अशी. दर्यावरचा माणूस, जगून जगून किती जगणार, असं वाटलं असेल. विठू तांडेल ऐंशी ओलांडून बसला! मधल्या काळात त्यानं मालकांना विचारून आवारात आणखी पाच बिऱ्हाडांना घरं बांधू दिली. म्हणजे तांडेलबाबा आहेत तोवर आम्ही आहोत. बाबा गेले की आपापले चिरे नि कौलं उचला आणि चालू लागा.

*

लग्न होऊन मी आले, तेव्हा वाटलं, सासूबाई आता घरातल्या रीती सांगतील. त्यांनी पहिल्याच सकाळी हातात चहाचा पेला दिला आणि म्हणाल्या, आधी हा बाबांना देऊन ये, आलं घातलंय म्हणून सांग. मला वाटलं, असतील कोणी जवळचे आजेसासरे. जाऊन बघते तर ओटीवर बाबा जाळं विणत बसलेले आणि पुढ्यात शेजारपाजारचे पेले रांगेनं मांडलेले!

"ठेव गो तिथं," बाबा म्हणाले. "सगळ्यांचा एकेक घोट घेतो. एकाचा घेतला नाय तर ते घर रात्रभर झोपत नाय."

*

दिवाळीच्या सुमारास भाऊसाहेबांची बैलगाडी आळीच्या तोंडाशी थांबायची. त्यांना त्या जागेवर आंब्याच्या पेट्यांची वखार घालायची होती. आंबा बोटीनं मुंबईला जायचा, बंदर हाकेच्या अंतरावर, जागा मोक्याची. पण माणूस भिडस्त. घरं खाली करा असं तोंडावर कधी म्हणाले नाहीत. ओटीवर बसायचे, गुळपाणी घ्यायचे, आणि हळूच विचारायचे, बाबा, प्रकृती कशी काय?

एका वर्षी ओटीच्या पायऱ्या चढताना त्यांनाच धाप लागली. चेहरा घामानं थबथबला. बाबांनी दंडाला धरून त्यांना बसवलं, पाठीवरनं हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "भाऊ, आधी दम खा. घाई कसली? मी हाय इथंच."

*

एकदा बाबांना शहाळ्याची हुक्की आली. गड्याला सांगायचं सोडून हे स्वतःच माडावर चढले. ऐंशी ओलांडलेला माणूस हो! गोपाळ शिंपी शेजारच्या घरात कुणा अंमलदाराच्या कोटाचं माप घेत होता, तो फीत हातात घेऊन तसाच धावला. मागून कोटवाला साहेब, एक बाही वर करून. बायकांनी घरातल्या गोधड्या आणून माडाखाली अंथरल्या. माझ्या रुखवताची नवी गोधडीसुद्धा गेली त्यात! सगळे वर तोंड करून ओरडतायत, बाबा उतरा, बाबा उतरा.

बाबा वरूनच म्हणाले, "हे माझ्यासाठी चाललंय की घरांसाठी?"

बायका गोधड्या सारख्या करायला लागल्या. शेवटी गोपाळ म्हणाला, "खरं सांगू बाबा? दोन्हींसाठी." बाबांना ते पटलं असावं, कारण पहिलं शहाळं त्यांनी गोपाळला दिलं.

*

काशीताई आमच्या आळीतली खानावळवाली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पण हाताला अशी चव की कचेरीतले लोक दुपारची वाट बघायचे. एका पावसाळ्यात बाबांना खोकला झाला तेव्हा वैद्यांनी मासळी बंद करून मऊ भात सांगितला. काशीताईंनी तो मन लावून केला, बाबांनी मन लावून मांजराला घातला. पुढे पुढे तर काशीताईंच्या चुलीवर बांगड्याचा वास सुटला की बरोब्बर बाबांचा खोकला वाढायचा, तोही त्यांच्याच खिडकीशी येऊन.

शेवटी काशीताई वैद्यांशी भांडल्या. वैद्य म्हणाले, बांगडा खाऊन काही झालं तर मी जबाबदार नाही. काशीताई म्हणाल्या, "न खाऊन रुसला आणि मेला, तर मला दुसरं घर तुम्ही देणार का?" त्या दिवसापासून बाबांना बांगडा सुरू झाला आणि खोकला बंद!

*

हसायचो आम्ही, पण पोटात भीती असायचीच. एका श्रावणात बाबांना तापानं असं धरलं की ते माणसं ओळखेनात. काशीताई देवापुढून हलेनात. बाबा बरे झाले, पण आमचे डोळे उघडले. आमचे हे कचेरीत कारकून, त्यांनी पुढाकार घेतला आणि मुदत वाढवून मागायला मिरजोळ्याला गेले. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, वर्षांची मुदत मी देत नाही, पण वडिलांची रीत मोडत नाही. त्यांनी एका माणसाच्या हयातीवर दिलं, मीही देतो. नाव तुम्ही ठरवून आणा, मी शब्द फिरवणार नाही. यावर आम्ही आपसात भांडत बसू असा त्यांचा कयास असावा.

आणि बसलो की! गोपाळ धडधाकट, त्याचं नाव निघालं तर त्याची बायको पदर खोचून उभी राहिली, माझ्या कुंकवाला नजर लावायची नाही म्हणाली. कुणाला मधुमेह, कुणाचा मुलगा आगबोटीवर. मग कुणीतरी माझ्या मांडीवरच्या सहा महिन्यांच्या मुलीकडे बोट दाखवलं, सगळ्यांत जास्त हीच जगेल.

माझं डोकंच फिरलं. मी नवी सून, तोवर मोठ्यांपुढे तोंड उघडलं नव्हतं. "तिला शिंक आली तरी सगळी आळी येऊन नाडी बघणार," मी म्हटलं. "घर गेलं तर जाऊ दे. माझी पोर मी देणार नाही." आणि रडायलाच लागले.

बाबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "उद्या गाडी जोडा. नाव मी सांगतो, पण तिथं सांगतो."

*

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजोळ्याला गेलो. बाबा आणि हे ओटीवर बसले. मी मुलीला घेऊन आत माजघरात, भाऊसाहेबांच्या मंडळींजवळ. त्यांना सगळे माई म्हणत. भाऊसाहेबांनी कारकुनाला मजकूर घ्यायला सांगितलं आणि विचारलं, "हं, कुणाच्या हयातीपर्यंत लिहू?"

भाऊसाहेबांचा नातू तिथंच लाकडी घोडा ओढत होता, असेल चारेक वर्षांचा. एकुलता एक. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ह्याच्या," ते म्हणाले.

कारकून एकदा धन्याकडे बघे, एकदा कागदाकडे. भाऊसाहेबांनी नातवाला जवळ ओढून मांडीवर घेतलं. शब्द तर दिलेला. शेवटी त्यांनी मान हलवली आणि कारकून लिहिता लिहिता पुटपुटायला लागला, सदर मुलगा मयत होईतोपर्यंत...

माझ्याशेजारच्या माई ताडकन उठल्या. चार माणसांत त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. दाराआडून म्हणाल्या, "तो शब्द माझ्या नातवाच्या नावाजवळ लिहायचा नाही. फाडा तो कागद. कायमचं म्हणून लिहा."

भाऊसाहेबांनी नातवाच्या केसांवरून हात फिरवला. "कायमचं लिही," ते कारकुनाला म्हणाले.

परतताना संध्याकाळ झाली, वारा सुटला. ह्यांनी सवयीनं आपलं कांबळं काढून बाबांच्या अंगावर घातलं, कानावरून नीट गुंडाळलं. बाबांनी ते सावकाश सोडलं आणि माझ्या मांडीवरच्या पोरीवर पांघरलं.

"हिला असू दे," ते म्हणाले. "मला आता थंडी वाजली तरी चालेल."