नियम पाचवा

माझ्या भावोजींना कारखान्यात सगळे मायक्रॉन म्हणायचे. मी लेथवर, ते तपासणीच्या टेबलावर. केसाएवढा फरक निघाला की माझा अख्खा ट्रे लाल डब्यात. घरी मी त्यांचा मेहुणा, कारखान्यात कोण कुठला! डोकं फिरायचं माझं, पण माणूस खोटं बोलायचा नाही, हे कबूल करायला हवं. मी ताईला चिडवायचो, तुझा नवरा झोपायच्या आधी उशीही मोजून घेत असेल. ती म्हणायची, घेतो ना.

त्यांच्या टेबलावर एक तक्ता असायचा. मधे एक रेषा आणि दर तासाला एक ठिपका. सलग सात ठिपके रेषेच्या एकाच बाजूला पडले की मशीन सरकलंय असं समजायचं, ते बंद करायचं, सेटिंग करायचं. मग आठवा ठिपका जागेवर येतो. बावीस वर्षं त्या माणसाने आठवा ठिपका जागेवर येताना बघितला. सत्यानाशाची सुरुवात तिथूनच झाली.

कुणीतरी त्यांच्या फोनमध्ये तो विमानाचा खेळ टाकून दिला. विमान उडतं, आकडा चढत जातो, सव्वापट, दीडपट, दुप्पट, आणि मधेच कधीही विमान फुटतं. फुटायच्या आधी बाहेर पडलात तर तेवढे पट पैसे, नाहीतर गेले. बाकीचे लोक बोंबलत खेळायचे. मायक्रॉन वही घेऊन बसले. पहिला महिना छदामही लावला नाही, नुसते आकडे उतरवले. चार हजार उड्डाणं! मग तक्ता काढला, दीडपटीवर रेषा ओढली आणि वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिले. दिवसाला ठरलेली रक्कम, त्यावर एक पैसा नाही. हरलं तर डाव वाढवायचा नाही. असं करत करत पाचवा नियम: उरलेला पगार बायकोच्या खात्यात, पिन फक्त तिला माहीत. मी मागितला, रडलो, मारलं, तरी सांगायचा नाही.

खाली ताईची सही घेतली, साक्षीदार म्हणून माझी. मी म्हटलं, भावोजी, तुम्ही आयुष्यात डास तरी मारलाय का? तिघंही पोट धरून हसलो.

सात महिने वही चोख चालली. डबा खाताना ते आम्हाला ऐकवायचे की हा जुगार नाही, ही शिस्त आहे. जुगारी माणूस लिहून ठेवत नाही. पण दिवसाची रक्कम लवकर संपायला लागली तसा माणूस बदलला. एकदा कप भिंतीवर फोडला. एकदा कपाटाचं दार लाथेने मोडलं. ताईच्या मानेवर काळानिळा डाग दिसला तेव्हा ती म्हणाली, फडताळाचा कोपरा लागला. मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं मानायचं होतं. माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

ताई शिवणकाम करते. एका रविवारी दुपारी मी पँटची उंची कमी करून घ्यायला तिच्याकडे गेलो. जिन्यातच आवाज आला, लाकडावर लाकूड आपटल्याचा. थोडी शांतता, की परत तोच आवाज. दार नुसतं लोटलेलं होतं.

खिडकीपाशी शिलाई मशीनच्या टेबलाला एक खण आहे. ताईच्या उजव्या हाताची बोटं त्या खणात होती. मनगट तिच्या नवऱ्याने घट्ट धरलेलं आणि गुडघा खणाला लावलेला. फोन मशीनला टेकवून उभा केला होता.

"सात झाले," तो सांगत होता, तपासणीच्या टेबलावर सांगतो त्याच आवाजात. "सातच्या सात रेषेखाली. आता सेटिंग होणारच. आठव्यावर सगळं लावायचंय. पिन सांग."

ताईने मान हलवली. त्याने गुडघा मारला. हाड मोडल्याचा आवाज मी कारखान्यात एकदा ऐकला होता, त्यामुळे लगेच ओळखला.

तिथे इस्त्री होती. मी ती उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. पोलिसांनाही हेच सांगितलं. तो पडला तसा मी छातीवर बसलो आणि दोन्ही हातांनी हाणत सुटलो. "तू माझ्या बहिणीला हात लावलास," असं काहीतरी ओरडत होतो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. तो हातही आडवा घालत नव्हता. त्याची नजर माझ्या खांद्यावरून फोनवर होती. विमान उडालं आणि लगेच फुटलं.

"आठवाही खालीच," तो म्हणाला. दातांतून रक्त येत होतं. मी आणखी मारलं. शेजारच्यांनी ओढून काढलं नसतं तर तो मेला असता, आणि मला चाललं असतं.

मी दोन दिवस कोठडीत काढले. सुटून दवाखान्यात गेलो तर ताईच्या तीन बोटांत तारा घातलेल्या. दोन बोटं थोडीफार वाकतील, तिसरं नाही, असं डॉक्टर म्हणाले. कात्री धरण्याचं विचारूच नका म्हणाले. मला बघून ती पहिलं वाक्य बोलली, "पिन नाही सांगितला मी."

तिचे कपडे आणायला घरी गेलो. वही टेबलावरच होती. टाके घालून झाल्यावर तो आधी घरी आला होता आणि पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं. तेवढ्या वेळात त्याने रविवारची ओळ भरली होती. आठवा ठिपका लाल शाईने. शेजारी लिहिलं होतं, दिवसाची मर्यादा पाळली. नियम पाचवा, पाळला. पुढे बरोबरची खूण, नेहमीसारखी नीटनेटकी.

ती वही फाडून टाकायला निघालो होतो, पण पोलिसांना लागेल म्हणून ठेवली आणि कपड्यांबरोबर दवाखान्यात घेऊन गेलो. शिव्या देत ताईला सगळं सांगितलं. तिने पहिलं पान उघडायला लावलं. पाचव्या नियमाखाली तिची सही होती, ठसठशीत, आणि त्याखाली माझी. उशाशी दवाखान्याचा फॉर्म पडला होता, त्यावर तिने डाव्या हाताचा अंगठा उठवलेला.

"तिघंही हसलो होतो ना रे आपण," ती म्हणाली.

मी हो म्हणालो आणि वही मिटून पिशवीत ठेवली.