गुरुवारची भांडी

मी मिंटनचा खाटीक. गावात कुणाच्या घरी काय शिजतं हे मला शेजाऱ्यांच्या आधी कळतं. गुरुवारी ऑरिन टॅकेटकडे काय शिजायचं हे मात्र अख्ख्या गावाला ठाऊक होतं: डुकराच्या नळ्या घातलेला घेवडा आणि मक्याचा पाव. नळ्या माझ्या दुकानातल्या. मी दार उघडतो न उघडतो तोच हा हजर, आणि वर तोंड करून म्हणायचा, "एमेट, मागच्या वेळी नुसती हाडं बांधून दिलीस. माझी पोरं आहेत ती, कुत्री नव्हेत."

ऑरिन आमच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलच्या पुढच्या फळीचा कोच होता. फळीतल्या पोरांच्या हाती चेंडू कधी येत नाही. त्यांनी खांद्याला खांदा लावून भिंत व्हायचं आणि समोरचे बैल अंगावर घ्यायचे. मागचा एक पोरगा चेंडू घेऊन पळतो आणि पेपरात फोटो त्याचा छापून येतो. ही रेड्याएवढी, आईच्या आठवणीनं रडणारी पोरं दर गुरुवारी ऑरिनच्या स्वयंपाकघरात जेवायची. मग ओळीनं उभी राहून भांडीही तीच घासायची. एकानं घासायचं, दुसऱ्यानं विसळायचं, तिसऱ्यानं पुसायचं. ऑरिन म्हणायचा, "शेजारच्याचा हात कुठे आहे हे इथे कळलं, की मैदानावर सांगावं लागत नाही."

एकदा मीही जेवलो आणि लाजेकाजेस्तव आपली ताटली घेऊन उठलो, तर त्यानं ती हिसकावून घेतली. "बस खाली! पाहुण्यानं भांड्यांना हात लावायचा नाही. भांडी घरची माणसं घासतात." त्याला आणि त्याच्या बायकोला, वेल्माला, मूलबाळ नव्हतं. दया यावी म्हणून सांगत नाही. त्या घरात ते कधी जाणवलं नाही, म्हणून सांगतो.

मुख्य कोच हॅरिस ब्लेव्हिन्स. त्याच्या हाताखाली कॉलेज असं जिंकत सुटलं, की उत्तरेकडच्या एका थंड शहरातल्या व्यावसायिक संघानं त्याला बोलावणं धाडलं. मग काय, महिनाभर माझ्या दुकानात मांसापेक्षा याच गोष्टीची चिरफाड जास्त झाली.

"जाऊ दे की त्याला," म्हातारी मिसेस प्रुइट म्हणाली. "हुशार पोराला काय जन्मभर त्याच वर्गात बसवायचं?"

"अहो, इथे पोरं आहेत," मी म्हणालो. "ओरडलं की ऐकतात, पाठीवर हात ठेवला की रडतात. तिथे बायकापोरं असलेले बाप आहेत, कोचपेक्षा जास्त पगार घेणारे. ते कशाला ऐकतील?"

"तुला काळजी तुझ्या नळ्यांची, मेल्या! त्या कोण घेणार म्हणून बोलतोयस."

सगळे हसले. मीही हसलो. नळ्यांची काळजी होतीच, खोटं कशाला बोलू?

ब्लेव्हिन्स ऑरिनला म्हणाला, "माझी भिंत तू बांधलीस. तू येणार नसशील तर मीही जात नाही." इकडे कॉलेजचे अध्यक्ष स्वतः ऑरिनच्या घरी येऊन सांगून गेले, की मुख्य कोच कुणीही येवो, तुमची जागा कुठे जात नाही. दोन्हीकडून ओढाताण. ऑरिन माझ्या दुकानात येऊन उगाच तराजूशी चाळा करत उभा राहिला.

"त्याला नाही कसं म्हणू रे? मी एका लहानशा शाळेत शिकवत होतो, तिथून यानं मला हाताला धरून आणलं."

"वेल्मा काय म्हणते?"

"म्हणते, पोरं इथून तिथून सारखीच. तिथेही भुकेलीच असतील."

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे मी त्याला ऐकवलं. पण ऑरिन पळत्याच्या पाठी लागला नव्हता, तो शब्दाला जागत होता. त्यानं घर विकलं. मोठं पातेलं मात्र गाडीत पुढे, वेल्माच्या मांडीवर घेऊन गेला.

तिथे काय झालं ते वेल्मानं मला नंतर सांगितलं. पहिल्याच गुरुवारी त्यानं सगळ्या फळीला जेवायला बोलावलं. एकाच्या मुलीचा वाढदिवस होता, एकाचा स्वतःचा आचारी होता, तो मोजूनमापून वाढेल तेवढंच हा खायचा. एकानं सरळ विचारलं, हे जेवण करारात आहे का? दुसऱ्या दिवशी खेळाडूंच्या युनियनचा माणूस आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, कामाचे तास संपल्यावर कुणाला बोलावता येत नाही, मिस्टर टॅकेट. वाईट वागलं असं कुणीच नाही. तेच तर. वाईट वागले असते तर भांडता तरी आलं असतं.

त्या गुरुवारी एक जण मात्र आला होता. टेरेन्स नावाचा, फळीतला सगळ्यात जुना, कानशिलं पांढरी झालेला. पोटभर जेवला, वेल्माच्या हाताला चव आहे म्हणाला आणि जाताना ऑरिनला म्हणाला, "कोच, राग मानू नका. तुम्ही चांगले आहात. पण आम्हाला बाप नको आहे. आम्हीच आता बाप आहोत." मांडलेल्या बाकीच्या ताटल्या कोऱ्याच होत्या. घासायला काही नव्हतं, तरी ऑरिननं त्या घासल्या.

संघ हरत गेला. दुसरा हिवाळा सरायच्या आत ब्लेव्हिन्सला काढलं, आणि त्याच्या माणसांनाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, या धंद्यात तर जळतंच. पण त्या सुक्याला महिन्याभरात दुसरं कॉलेज मिळालं, पहिल्याहून मोठं! ऑरिननं त्याला फोन केला. ब्लेव्हिन्स म्हणाला, "अरे, इथे फळीला कोच आधीच आहे. काही निघालं तर कळवतो." माझा त्या माणसावर राग आहे आणि तो मी मरेपर्यंत ठेवणार आहे.

टॅकेट नवराबायको मिंटनला परतले आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागले. ऑरिनच्या जागेवर आता डॅरिल होता. डॅरिल त्याचाच चेला, याच फळीत खेळलेला. जागा कायम आहे म्हणणारे अध्यक्ष निवृत्त झाले होते. ऑरिननं आसपासच्या सगळ्या कॉलेजांत विचारून पाहिलं. या वयाच्या माणसाला कोण घेतो? तो खचत गेला. खुर्चीतून उठायचाही नाही.

डॅरिल पोरगा भला. तो घरी येऊन म्हणाला, "कोच, गुरुवार मी बंद पडू दिलेला नाही. माझ्याकडे असतो. याल ना? एमेटकाकांनाही आणा." ऑरिननं त्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मला म्हणाला, "डॅरिलला म्हणणार आहे, पगार नको. नुसतं पोरांत उभं राहू दे." हे विचारायचंच म्हणून तो निघाला होता. वेल्मा आली नाही.

तोच घेवडा, तोच पाव. डॅरिलनं ओळख करून दिली, "हे कोच टॅकेट, यांनी मला शिकवलं." पोरं नीट उठून उभी राहिली, हात मिळवले आणि पुन्हा जेवायला बसली. जेवणं झाली तशी ती ओळीनं नळाशी गेली. ऑरिनचा चेहरा किती दिवसांनी उजळला! त्यानं बाह्या सरसावल्या, आपली ताटली उचलली आणि विसळणाऱ्या पोराच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

पोरानं हळूच ती ताटली त्याच्या हातातून काढून घेतली. "नको सर, तुम्ही बसा. पाहुण्यांनी भांड्यांना हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. भांडी घरची माणसं घासतात."

डॅरिलचा चेहरा पडला. "अरे गाढवा, तो नियम तर यांनीच..."

"राहू दे," ऑरिन म्हणाला. "बरोबर बोलला तो." त्यानं बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि येऊन माझ्याशेजारी बसला. जे विचारायला आला होता ते त्यानं विचारलं नाही.

परतताना गाडीत एवढंच म्हणाला, "चांगली बांधलीय रे डॅरिलनं भिंत. कुठे फट नाही."

गुरुवारी सकाळी दुकानाच्या दाराशी आता डॅरिल असतो. ऑरिन बुधवारी येतो आणि दोघांपुरतं घेऊन जातो. मी मुद्दाम नुसती हाडं बांधून देतो, पण तो काही बोलत नाही.