काकूंचा कापलेला शॉट

सदाशिव पेठेतल्या घरमालकीण काकूंनी आमच्या फिल्मसाठी स्वयंपाकघर दिलं, आणि आठवीत शाळा सोडून गडचिरोलीहून आलेल्या मला जेवूही घातलं. दिग्दर्शकानं त्यांना एक शॉट दिला: गप्प बसून भाजी निवडायची. मी लाइट धरून उभा होतो. कॅमेरा चालू असतानाच त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, हात भरून आला असेल, टेक की जरा."

पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. एडिटमध्ये शॉट उडाला.

पहिल्या शोला काकू जावेला घेऊन आल्या. शो संपल्यावर जावेनं विचारलं, "तुम्ही कुठे होतात हो?"

"भाजी आणायला गेले होते," काकू म्हणाल्या.

मी दमलेला दिसलो नसतो, तर त्या पडद्यावर राहिल्या असत्या. कधीतरी मी फिल्म करीन, तेव्हा काकूंना तिच्यात पोटभर बोलू देईन.