भंडारा पुसायचा नसतो

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझा प्रश्न त्याहून उद्धट होता: देव आहेच, तर तो माझ्या बाजूने साक्ष का देत नाही? वय तेव्हा सतरा-अठरा, मराठी पाचवी पास, आणि जिभेला हाड नाही. नाती विचारतात, "आजी, तू तेव्हा कशी होतीस गं?" मी सांगते, नुकती शिंगं फुटलेली शेळी होते. त्या शेळीला पालीच्या खंडेरायाने कान धरून जागेवर कसं आणलं, ते लिहून ठेवते. चमत्कार म्हणायचा की नाही, हे वाचणाऱ्याने ठरवावं. मी अजून ठरवलेलं नाही.

लढाईचे दिवस होते. आमचे मालक पलटणीबरोबर समुद्रापलीकडे कुठंतरी होते. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, उंब्रजजवळच्या आमच्या गावी आले होते. सुईण तानूआई. माझी आई तिच्या हातावर जन्मली, मी तिच्या हातावर जन्मले, निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं. कळा सुरू होऊन रात्र गेली, दिवस गेला, पुन्हा रात्र आली. कऱ्हाडच्या दवाखान्याला गाडी जुंपा असं तानूआई म्हणाली होती की नव्हती, यावर आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं दोन तट होते. मला तर काहीच आठवत नाही. मूल आलं ते निळं, आणि न रडता. तिने त्याला पालथं घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. फार उशिराने त्याने मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज काढला.

मुलगा होता. सुंठवडा वाटला. पण पुढे त्याची मान धरेना. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. अंगठा आत घेऊन मुठी आवळलेल्या, त्या धुवायच्या तर एकेक बोट सोडवावं लागे. उचलून घेतलं की धनुष्यासारखा मागे ताणला जायचा. आता याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्माच्या वेळी मेंदूला हवा कमी पडते आणि असं होऊ शकतं, हे माझ्या डॉक्टर नातजावयाने मला सांगितलं. तेव्हा आमच्याकडे या दुखण्याला नाव नव्हतं, म्हणून ज्याने त्याने आपल्या सोयीचं नाव दिलं.

माझ्या सासूने, आत्याबाईंनी, त्याला ग्रहण हे नाव दिलं. त्या बाळाला बघायला आल्या, उंबऱ्यातूनच बघितलं, हात लावला नाही. बारशाचा विषयही काढला नाही. पोटुशी असताना मी ग्रहणात काकडी चिरली, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. जाताना आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, निरोप देऊन गेल्या: नांदायला यायचं तर एकटीनं यावं, पोर तिकडंच ठेवावं.

काकडी मी चिरली नव्हती. कुणाच्याही पायावर हात ठेवून सांगेन. दातांनी तोडून खाल्ली होती, मीठ लावून. पण तसं कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नव्हती.

मला बाळाला घेऊन सासरी जायचं होतं. एवढंच हवं होतं. दोष ग्रहणाचा ठरला तर तो माझ्या माथी, आणि दार बंद. दोष तानूआईच्या हाताचा ठरला तर मी निर्मळ, आणि दार उघडं. त्या वयात हे गणित मला इतकं सरळ वाटलं की म्हातारीचं काय होईल, हा विचार शिवलाही नाही. आबा कऱ्हाडला एका वकिलाकडे जाऊन आले. तो म्हणाला, कोर्टात डॉक्टरची साक्ष लागेल, आणि बाळंतपणाला डॉक्टर तर नव्हताच. पण त्या दिवसांत आमच्याकडे इंग्रजांच्या कोर्टापेक्षा भूमिगत मंडळींच्या पंचांवर लोकांचा जास्त भरवसा होता. ते गावोगाव बसत, भावकीचे तंटे मिटवत, सोडलेल्या बायकांना नांदायला लावत. ज्याचा गुन्हा शाबीत होई त्याला शिक्षाही होई. मी आबांच्या मागे लकडा लावला आणि तानूआईवर फिर्याद गुदरली. माझं भाषण गोठ्यात म्हशीपुढे पाठ केलं. ती रवंथ करत शांतपणे ऐकायची. तिला माझी बाजू पुरती पटली होती.

पंच पालीला बसायचे ठरले. रविवारी खंडोबाला गर्दी, त्यात चार माणसं जास्त दिसली तर पोलिसांना संशय नको. देवळाच्या मागच्या बाजूला ओवरीत घोंगडं अंथरलेलं. तिघा पंचांतले एक पूर्वी वकिली करायचे, ती सोडून चळवळीत गेलेले. समोर आत्याबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून. खांबाला टेकून तानूआई, आणि मी, कडेवर ताणलेलं, किंचाळणारं मूल.

मी भाषण केलं. एक शब्द चुकले नाही. ओढताना मान दाबली, घाई केली, सगळं सांगितलं. त्या वकील पंचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बाई, तुमचं म्हणणं शाबीत झालं असं धरू. त्यातून या पोराला काय मिळेल?"

म्हशीने हे विचारलं नव्हतं.

आत्याबाई तेवढ्यात ग्रहणावर आल्या. मी आवाज चढवला, त्यांनी माझ्याहून चढवला. साक्षीदार कुणालाच नव्हता. तेव्हा थोरल्या पंचांनी आमच्याकडची शेवटची वाट काढली, बेलभंडारा उचलायचा. देवापुढच्या ताटातला भंडारा, म्हणजे देवाची हळद, आणि बेलाचं पान ओंजळीत घेऊन जे बोलाल ते खरं धरायचं. खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो. आम्ही सगळे आत गेलो.

पहिली पाळी तानूआईची, कारण आळ तिच्यावर. ती देवाकडे बघत उभी राहिली, आणि तिने हात मागे घेतले.

"म्या उचलत न्हाई. माज्या हातानं झालं म्हनू, तर तसं मला वाटत न्हाई. न्हाई झालं म्हनू, तर त्ये तरी मला कुटं ठावं हाय? ठावं न्हाई त्ये देवाला कसं सांगू? काय शिक्षा द्यायची ती द्या."

मागे कुणीतरी चुळबुळलं. उचलत नाही म्हणजे दोषी, अशीच रीत. मी जिंकले होते. फक्त ओंजळ भरून एक वाक्य बोलायचं राहिलं होतं.

पण ओंजळीला दोन हात लागतात, आणि माझ्या हातात मूल. आई घरी राहिलेली. आबा घाबरून दोन पावलं मागे सरले, त्यांनी त्याला कधी घेतलंच नव्हतं. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. तेव्हा पुढे आली ती तानूआई. जिच्याविरुद्ध मी शपथ घेणार होते, तिनेच हात पसरले. "आन हिकडं. मोकळी हो." इतक्या साध्या आवाजात, जसं दळण घ्यायला यावं.

तिने त्याचे गुडघे पोटाशी दुमडले, पाठ आपल्या छातीला टेकवली, मान पुढे केली आणि त्याची मोळी करून घेतली. आणि तो सैल पडला. भिजवलेल्या कणकेसारखा. रडणं थांबलं. इतक्या महिन्यांत माझ्या हातात तो असा कधी मऊ झाला नव्हता. तो मऊ होऊ शकतो हेच मला माहीत नव्हतं.

ती देव दाखवायला त्याला घेऊन वाकली. त्याचा हात भंडाऱ्याच्या ताटात पडला, आणि ती मूठ उघडली. अंगठा बाहेर, पाची बोटं पसरलेली, हळदीत रुतलेली. मी बघत राहिले. तानूआई सरळ झाली तसा त्याचा हात झटक्यात वर आला, असले हात आपल्या मर्जीने कुठंही जातात, आणि तो बसला शेजारी उभ्या आत्याबाईंच्या गालावर. पाची बोटं पिवळीजर्द उठली.

गुरवाने सवयीने येळकोट केला.

आत्याबाईंचा पदर पुसायला वर गेला आणि वाटेतच थांबला. आमच्याकडे अंगावर पडलेला भंडारा कुणी पुसत नाही. तो देवाने लावलेला. अख्खा जन्म त्या बाईने रविवार धरलेला. ज्या मुलाला हात लावायचा नाही म्हणून त्या अडून बसल्या होत्या, त्याच्याच हातून देवाने त्यांना हात लावला होता. पदर त्यांनी तसाच खाली सोडला. मग तानूआईला म्हणाल्या, "कसं धरतीस त्याला, मला दाव."

तानूआईने दाखवलं. दोन म्हाताऱ्या, मध्ये एक मूल, गुडघे असे घे, मान अशी. मी आपली शपथेसाठी घेतलेला भंडारा ओंजळीत धरून वेड्यासारखी उभी. तशात आत्याबाईंनी मान वर न करता विचारलं, "काय गं, काकडी चिरली हुतीस का न्हाई? खरं सांग, हातात भंडारा हाय."

"चिरली न्हाई, आत्याबाई. दातानं तोडून खाल्ली."

"मिठासंगं?"

"व्हय."

"मग लागली आसंल ग्वाड," त्या म्हणाल्या. "चुलीत घाल त्ये गिऱ्हाण."

वकील हसू दाबायला खांबाआड गेले. मी ओंजळीतला भंडारा कपाळाला लावला. शपथ कुणीच घेतली नाही. बाहेर येऊन पंचांनी निवाडा सांगितला: दोष कुणावर नाही. मूल सासरी नांदेल, आणि घरच्या जमिनीत दुसऱ्या कुठल्याही मुलासारखा त्याचा हिस्सा राहील. तो कसता आला नाही तर घराने कसून त्याला पोसायचं. आत्याबाईंनी देवळाकडे तोंड करून ते कबूल केलं, आणि तिथंच त्याला नाव दिलं, खंडू. तानूआई महिनाभर आमच्याकडे त्याला न्हाऊमाखू घालायला राहिली.

मूठ परतीच्या गाडीतच पुन्हा आवळली. खंडू कधी चालला नाही. पण तो मोठा झाला, ओट्यावर बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला चिडवू लागला. त्याचं बोलणं सगळ्यांत चांगलं समजायचं आत्याबाईंना, त्यामुळे त्याच्या शिव्यांचा अर्थही त्याच लोकांना सांगायच्या, चवीने.

आता कधी कुणी लेकीसुना असलं मूल घेऊन माझ्याकडे येतात. दवाखान्यात हयगय झाली असं वाटतं, पण देवाची इच्छा म्हणून गप्प बसावं का, असं विचारतात. मी सांगते, गप्प कशाला? देवाचं नाव घ्या आणि चांगल्या वकिलाकडेही जा. काय झालं ते विचारायचा तुमचा हक्क आहे, आणि मुलाला जन्मभर आधार लागणार आहे. फक्त पंचांतल्या त्या वकिलांचा प्रश्न विसरू नका: यातून पोराला काय मिळेल? आणि जे ठाऊक नाही त्याच्यावर भंडारा उचलू नका. शरण जाणं म्हणजे काय, हे मला पोथीतून कळलं नाही. तानूआईने मागे घेतलेल्या हातांनी कळलं, आणि लगेच मुलासाठी पुढे केलेल्या हातांनी. खंडेराया, तू माझ्या बाजूने साक्ष दिली नाहीस, हे तुझे उपकार.

त्या दिवसानंतर दर रविवारी आत्याबाई खंडूच्या मुठीला भंडारा लावून आपल्या गालावर टेकवून घ्यायच्या. त्या गेल्या तेव्हा शेवटची अंघोळ झाल्यावर मी खंडूला त्यांच्याजवळ नेलं, गुडघे दुमडून, मान पुढे करून. मुठीला भंडारा लावताच त्याने आपणहून हात उचलला आणि त्यांच्या गालावर टेकवला. तो भंडारा गालावर घेऊनच त्या गेल्या. कुणी पुसला नाही.