औसेपच्या गाडीचं उरलेलं रबर

आमचा औसेप मस्कतहून कायमचा परत आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन मोठ्या पेट्या होत्या. एकीत कपडे, साबण, अत्तरं आणि बदाम. दुसरीत हत्यारं. पाने, पकडी, पेचकस, हातोड्या, सगळं कोरं करकरीत. मी म्हटलं, "औसेप्पा, सव्वीस वर्षं तू तिकडे हेच काम केलंस ना? मग ह्यांच्यावर एक ओरखडा कसा नाही?"

"चेची, चांगला कारागीर हत्यारं जपतो," म्हणाला.

कारागीर म्हणे! मी थ्रेस्या, त्याची थोरली चुलतबहीण, म्हणून चेची, कुंपणापलीकडे राहते, आणि हा मला शिकवतो. तिकडे तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होता. मेकॅनिक यायचा, काय हवं ते सांगायचा, हा खोका काढून द्यायचा. कोणत्या गाडीच्या कोणत्या भागाचा काय नंबर, हे त्याला आजही जपमाळेसारखं तोंडपाठ आहे. पण खोक्यातली वस्तू गाडीत बसते कशी, हे बघायला त्याला काउंटर सोडून कधी जाताच आलं नाही. त्यात बिचाऱ्याचा दोष नाही. पण इथे येऊन जी बडबड सुरू केली ना, ती मात्र सगळी त्याची स्वतःची.

"माझ्या घराकडे बघ, चेची. सव्वीस वर्षं मी नव्हतो. एक वस्तू मोडली? एलीच्या प्रत्येक पत्रात एकच ओळ, इथे सगळं ठीक आहे. का? कारण मी बांधलंच तसं होतं."

ती पत्रं पोस्टात मी टाकायचे. त्याची बायको एलिकुट्टी ती कशी लिहायची, तेही मीच बघायचे. एका हाताला पट्टी बांधलेली, कौलावरून घसरून पडलेली बाई दुसऱ्या हाताने लिहितेय, इथे सगळं ठीक आहे. पहाटे उठून दोनशे रबराच्या झाडांना काप द्यायचे, चीक गोळा करायचा, थिजवून त्याच्या शिटा लाटायच्या, वाळवायच्या, आणि उरलेल्या वेळात पंप, फ्यूज, कौलं, गटार. त्या घरात कारागीर होताच. फक्त तो चट्टेरीपट्टेरी नायटी घालून फिरत होता, म्हणून कुणाला दिसला नाही.

तर औसेप आला आणि त्याने पहिल्याच आठवड्यात मिक्सर उघडला. परत जोडला तर तीन स्क्रू उरले. "कंपनीवाले उगाच जास्तीचे घालतात," म्हणाला, आणि दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकले. मग पंखा उघडला, दोन चकत्या उरल्या. इस्त्रीतून एक स्प्रिंग उरली. डबा भरत चालला. येईल त्या पाहुण्याला तो डबा खुळखुळ वाजवून दाखवायचा. बघा, एवढं सामान वाचवलं!

दुसऱ्या दिवशी मिक्सर फिरायचा, पंखाही फिरायचा. औसेपला वाटायचं, आपल्या हाताला यश आहे. एलिकुट्टी रात्री गुपचूप स्वतःच्या शिवणाच्या पेटीतले दुसरे स्क्रू लावायची, त्याच्या डब्यातला एकही कमी व्हायला नको म्हणून. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, सांगत का नाहीस त्याला?"

"चेची, सगळं आयुष्य तिकडे काढून आलेत ते. इथे त्यांच्यावाचून काही अडत नाही, हे त्यांना कशाला कळायला हवं?"

आता गाडी. औसेपने जुनी गाडी घेतली, छतात काच सरकणारी. सनरूफ. आमच्या डोंगरात सनरूफ! उन्हाळ्यात उघडलं तर टाळू भाजते, पावसाळ्यात उघडलं तर अंघोळ होते, आणि मधले जे आठ-दहा दिवस राहतात त्यात झाडावरून मुंग्या पडतात. औसेपने त्याचा एकच उपयोग शोधला. फणसाखाली गाडी लावायची, छतातून वर निघायचं आणि फणस ठोकून पिकला का बघायचं.

पण त्या काचेवर त्याचं प्रेम फार. शनिवारी अंघोळीआधी तो डोक्याला खोबरेल चोपडतो. मग तळहातावर उरलेलं तेल काचेभोवतीच्या रबराला चोळायचा. "रबर मऊ राहतं." आमच्याकडे खोबरेल कशाला लावत नाहीत? केसांना, टाचांना, कड्या-कोयंड्यांना, रडणाऱ्या पोराच्या पोटाला. मग रबरानेच काय घोडं मारलंय? वर्षभर तेल पिऊन ते रबर भिजल्या पापडासारखं फुगलं आणि कोपऱ्यात फाटलं. पाऊस आला की मागच्या सीटवर टपटप, टपटप.

हे असंच चाललं असतं. पण ऑक्टोबरात आमच्या चर्चचा सण आला आणि नवे बिशप येणार असं ठरलं. चौकापासून चर्चपर्यंत मिरवणूक. बिशपांचे गुडघे दुखतात, म्हणून चालणं नको. आमचे पाद्री, अच्चन, सभेत म्हणाले, "छत उघडणारी गाडी असती तर बिशप उभ्यानेच सगळ्यांना आशीर्वाद देऊ शकले असते."

औसेप उठलाच. "गाडी माझी."

ट्रस्टी वर्की, जन्माचा कुजका, लगेच म्हणाला, "ती गळते ना रे? ऑक्टोबरात चार वाजले की पाऊस ठरलेला. बिशपांच्या पांढऱ्या झग्यावर तुझ्या खोबरेलाचे डाग पडले, तर तो धुवायला कुणाकडे द्यायचा?"

सगळे खोखो हसले. औसेप लाल झाला. "सव्वीस वर्षं ही रबराची सीलच विकलीत मी. नवीन सील मी माझ्या हाताने बसवीन. एक थेंब आत आला ना, तर पुन्हा आयुष्यात पाना हातात धरणार नाही!"

बायकांच्या बाकावर एलिकुट्टीने डोळे मिटले. प्रार्थना करत होती की कपाळ बडवून घ्यायचं राहिलं होतं, देव जाणे.

सील मागवलं. लांबच लांब काळी पट्टी, सोबत डिंकाची नळी. गुरुवारी सकाळी औसेपने हत्यारांची पेटी अंगणात उघडली. अर्धी पाकिटं त्या दिवशी पहिल्यांदा फाटली. एलिकुट्टी रबराच्या शिटा वाळत घालत होती, मी कुंपणाशी.

जुनं रबर त्याने ओढून काढलं, ते काम बरं जमलं. मग नवीन पट्टी खाचेत सरकेना, म्हणून स्वारी आत गेली आणि खोबरेलाची बाटली घेऊन आली.

"अहो, रबराला तेल नको," एलिकुट्टी म्हणाली. "तेलाचा हात लागलेली शीट व्यापारीसुद्धा परत करतो."

"तुझं रबर झाडाचं. हे कारखान्याचं."

"आणि एवढं ताणू नका ते."

"एली, ह्याचा पार्ट नंबर सांगू का तुला? सांगू?"

आणि सांगितला. सगळे आकडे, मधल्या रेघेसकट. ती शिटांकडे वळली. त्याने पट्टी तेलात माखून, ओढून ओढून, चौकटीभर फिरवली. शेवटी टोकं जुळली तेव्हा वीतभर पट्टी उरली. कात्रीने कच्चकन कापली आणि विजयाने वर धरली. "उरलं, चेची! कंपनीवाले जास्तीचं देतात!"

उरलेली वीत डब्यात गेली. पाण्याचा पाइप लावून बघ म्हटलं, तर म्हणतो, "तपासणं म्हणजे स्वतःवर अविश्वास." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

शनिवारी दुपारी तो मंडप घालायला चर्चमध्ये गेला आणि एलिकुट्टीने मला हाक मारली. "चेची, जरा गाडीत बसा." बसले. तिने छतावर पाइपने पाणी सोडलं. दोनच मिनिटांत माझ्या मांडीत पाणी! ताणलेलं रबर दोन दिवसांत आखडून टोकांमध्ये चांगली फट पडली होती, आणि तेलावर डिंक धरलाच नव्हता. बोट लावलं की पट्टी खाचेतून गांडुळासारखी बाहेर यायची.

"गेली तुझ्या नवऱ्याची अब्रू," मी म्हटलं. "वर्की ढोल वाजवील."

तिने पाइप खाली ठेवला. पट्टी काढली, साबणाच्या कढत पाण्यात धुतली, खाचही धुतली, जुन्या साडीने कोरडी ठाक पुसली. मग पावसाळ्याआधी कापात पाणी जाऊ नये म्हणून रबराच्या झाडांना प्लास्टिकची झालर बांधते तशी सावकाश, न ताणता, बोटाने दाबत दाबत बसवायला लागली. "झाड जाडावतं ना चेची, म्हणून झालर नेहमी सैल ठेवायची. ताणलं की तुटतं." फिरवत मागच्या बाजूला आली आणि थांबली. वीतभर कमी.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. स्क्रू शिवणाच्या पेटीत मिळतात, असलं रबर नाही.

"डबा आणा," ती म्हणाली.

आणला. उरलेली वीत तिने जागेवर बसवली, दोन्ही सांध्यांना डिंक भरला. मग पुन्हा मला आत बसवून दहा मिनिटं पाणी मारलं. मी कोरडी! "एक शब्द बोललात तर तुमच्याकडे मी पुन्हा मीठ मागायला यायची नाही," तिने दम दिला. माझ्यासारख्या बाईला हे सांगणं! रविवारपर्यंत पोट फुगलं होतं माझं.

रविवारी चार वाजता बिशप छतातून उभे राहिले, बँड वाजला, औसेपने गाडी नवरदेवाच्या थाटात चालवली. अर्ध्या वाटेवर ढग फुटले. बिशप खाली बसले, काच सरकली. वर्की छत्री घेऊन खिडकीला नाक लावून चालत होता, आत काय पडतं बघायला. चर्चशी बिशप उतरले. पांढरा झगा पांढराच. औसेपने वर्कीकडे असं बघितलं की मला त्याला एक ठेवूनही द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली.

प्रार्थनेनंतर बिशप त्याच्या घरी कॉफीला आले. अच्चन, वर्की, अर्धी सभा. अप्पम, स्ट्यू, केळ्याची भजी. ताटल्या कमी पडल्या म्हणून माझ्या आणल्या होत्या.

"तू स्वतः बसवलंस सील? घरी?" बिशपांनी विचारलं. "चांगला हात आहे तुझा."

झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढला. "पितावे, नुसतं बसवलं नाही, त्यातलं वीतभर वाचवलंसुद्धा! थांबा, दाखवतो." आणि गेला डबा आणायला.

किटली धरलेली एलिकुट्टी जागीच थांबली. मी हातातली भजी ताटलीत परत ठेवली.

त्याने डबा टेबलावर उलटा केला. स्क्रू, चकत्या, स्प्रिंग. रबर नाही. आत बोटं फिरवली, बुडाशी डोळा लावला. "कुठे गेलं?" मग त्याची नजर वर आली ती एलिकुट्टीच्या हातांवर. नखांच्या कडांना काळा डिंक होता. त्या हातांवर काळं कायमच असतं, म्हणून आजवर कुणी नीट बघितलंच नव्हतं.

त्याला कळलं. मला दिसलं कळलेलं. आता हा काहीतरी थाप मारणार, असं मी मनात म्हटलं. वर्कीही टपूनच बसला होता.

"पितावे," औसेप म्हणाला, "सील हिनं बसवलंय. मी बसवलेलं गळलं असणार." मग स्क्रू परत डब्यात भरत म्हणाला, "पार्ट नंबर मात्र मी सांगितला होता."

बिशप एवढे हसले की कॉफी झग्यावर सांडली. म्हणजे डाग पडायचा तो पडलाच. वर्कीलाही हसावं लागलं.

सगळे गेल्यावर एलिकुट्टी मागच्या पायरीवर कप विसळत बसली. मी ताटल्या गोळा करत होते. औसेप आला आणि उभाच राहिला.

"एली, तो मिक्सर?"

"हो."

"पंखा?"

"तोही."

"आणि मी मस्कतला होतो तेव्हा? तू तर लिहायचीस, सगळं ठीक आहे."

तिने हात पदराला पुसले. "तुम्ही तिथे एकटे. वाचून रडत बसला असता."

"काय काय मोडलं, एली?"

"तुम्ही गेलात त्याच आठवड्यात विहिरीचा रहाट मोडला," ती म्हणाली. "बसा. सव्वीस वर्षांचं आहे, वेळ लागेल."

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला, तिच्या हातातला कप घेतला आणि विसळायला लागला. मी ताटल्या तिथेच ठेवून घरी आले.